ओरायन-टीआर स्मार्ट १२/१२-३० आणि फिनिक्स १२/८०० : कोकणच्या खाऱ्या हवेत ही जोडी कशी चालते

इंजिनची बॅटरी वेगळी, केबिनची वेगळी, आणि इंजिन चालू असताना पहिलीच्या जोरावर दुसरी भरायची. काम एवढंच, पण बोटीवरच्या विजेची निम्मी डोकेदुखी याच कामातून निघते. व्हिक्ट्रॉन या डच कंपनीची ओरायन-टीआर स्मार्ट १२/१२-३० ही डीसी-डीसी चार्जरची निळी पेटी त्यासाठी आहे, आणि त्याच कंपनीचा फिनिक्स १२/८०० इन्व्हर्टर केबिनमधल्या २३० व्होल्टसाठी. बोट २८ ते ३८ फुटी, शिडाची, इंजिन २०-३० अश्वशक्तीचं डिझेल, आणि केबिनला १०० ते २०० एएचची (अँपिअर-तासांची) लिथियम फॉस्फेट बॅटरी असेल तर ही जोडी जरूर घ्यावी; फक्त फायबरच्या बोटीवर वायरिंग नव्याने करणाऱ्यांनी ओरायनऐवजी काय घ्यावं ते शेवटी आहे. ओरायनला पाचपैकी साडेतीन गुण, फिनिक्सला साडेचार. ओरायनचे दीड गुण कुठे गेले ते सविस्तर सांगायला हवं, कारण "तीस अँपिअरचा चार्जर लावला तरी बॅटरी भरत नाही" ही तक्रार बहुतेक वेळा तिथूनच येते.

आधी, ही पेटी कशाची जागा घेते ते पाहू. बऱ्याच बोटींवर एक-दोन-दोन्ही असा फिरवायचा स्विच असतो. इंजिन सुरू केलं की स्विच 'दोन्ही'वर, नांगर टाकला की केबिनच्या बॅटरीवर. हे माणसाच्या आठवणीवर चालतं, आणि इंजिन चालू असताना कुणी चुकून स्विच 'बंद'वरून फिरवला तर अल्टरनेटरचे डायोड जातात. दुसरा प्रकार डायोडच्या आयसोलेटरचा. त्यात साधारण ०.७ व्होल्ट वाटेतच जातात, म्हणजे अल्टरनेटरने १४.२ दिले तरी बॅटरीला १३.५ मिळणार आणि लेड-ॲसिड बॅटरी कधीच पूर्ण भरणार नाही. तिसरा प्रकार व्होल्टेज पाहून जोडणाऱ्या रिलेचा. दोन्ही बॅटऱ्या लेड-ॲसिड असतील तर हा रिले स्वस्त आणि उत्तम आहे, त्यांनी ओरायनवर पैसे घालवू नयेत. केबिनला लिथियम आली की मात्र रिलेची पंचाईत होते. भरलेली लिथियम फॉस्फेट बॅटरी नुसती पडून असतानाही १३.३ व्होल्टच्या आसपास असते, त्यामुळे रिले सुटायचं नाव घेत नाही. शिवाय रिकामी लिथियम बॅटरी मिळेल तेवढा करंट ओढते आणि छोटा अल्टरनेटर तापून जळतो. त्यात बॅटरीच्या आतल्या बीएमएसने (सेल सांभाळणाऱ्या सर्किटने) मध्येच संपर्क तोडला, तर अल्टरनेटरवर एकदम उसळलेला दाब डायोड फोडतो. ओरायनमध्ये अल्टरनेटर कायम इंजिनच्या लेड-ॲसिड बॅटरीलाच जोडलेला राहतो आणि पुढे फक्त ३० अँपिअर जातात. लिथियमवाल्यांसाठी हे एक कारणच पुरेसं आहे.

आता ती चालते कशी. साध्या अल्टरनेटरसाठी कंपनीने ठेवलेली सेटिंग अशी : इनपुटला १४ व्होल्ट दिसले की ताबडतोब चार्जिंग सुरू, १३.३ च्या वर राहिले तर दोन मिनिटांनी सुरू, आणि १३.१ च्या खाली आले की बंद. बोटींवरच्या बऱ्याच जुन्या इंजिनांचा रेग्युलेटर १३.८ ते १४.१ वरच थांबतो, म्हणून १४ कधी दिसतच नाहीत आणि पेटी दोन मिनिटं गप्प बसते. ही बिघाडाची खूण नाही. दोन मिनिटांनी सुरू होऊन अर्ध्या मिनिटात पुन्हा बंद, पुन्हा दोन मिनिटांनी सुरू, असं चालू झालं तर मात्र बिघाड आहे, आणि तो पेटीत नसून वायरमध्ये आहे.

हिशोब करून पाहू. आउटपुटला ३० अँपिअर १४.२ व्होल्टने म्हणजे ४२६ वॅट. पेटीची कार्यक्षमता ८७ टक्के, म्हणून इनपुटला सुमारे ४९० वॅट लागतात. १३.८ व्होल्टला ते होतात साधारण ३५ अँपिअर. इंजिनच्या बॅटरीपासून पेटी चार मीटरवर आहे असं धरा, म्हणजे जाऊन-येऊन आठ मीटर वायर. दुकानदाराने "पस्तीस अँपिअर म्हणजे सहा स्क्वेअर एमएम बस्स झाली" म्हणून दिलेल्या वायरचा रोध मीटरला सुमारे ३.१ मिलिओहम. आठ मीटरला पंचवीस मिलिओहम, आणि त्यातून ३५ अँपिअर गेले की ०.८७ व्होल्ट गायब. बॅटरीवर १३.९ आणि पेटीच्या तोंडाशी १३.०. पेटीला वाटतं इंजिन बंद झालं. ती थांबते, करंट शून्य होतो, व्होल्टेज पुन्हा १३.९ वर चढतं, पेटीला वाटतं इंजिन सुरू झालं. दिवसभर हाच खेळ. सहाची वायर तापत नाही, जळत नाही, म्हणून संशयही येत नाही.

त्याच अंतराला १६ स्क्वेअर एमएम घातली तर तूट ०.३२ व्होल्टवर येते. पेटीच्या टर्मिनलमध्ये १६ पेक्षा जाड वायर जात नाही, त्यामुळे पुढचा उपाय अंतर कमी करणं हाच. टिन चढवलेली तांब्याची वायर घ्या. साध्या तांब्याच्या वायरमध्ये पहिल्याच पावसाळ्यात इन्सुलेशनच्या आत वीतभर हिरवी पूड चढते आणि बाहेरून काही दिसत नाही. थिंबल (वायरच्या टोकाला बसवायचं धातूचं टोपण) हातोडीने ठोकून बसवू नका, हायड्रॉलिक क्रिम्परने दाबा आणि वर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी चढवा. नुसतं डाख देऊन जोडलेली थिंबल इंजिनच्या थरथराटाने डाख संपतो तिथेच तुटते. इनपुटला ६० अँपिअरचा फ्यूज, तो बॅटरीच्या जेवढा जवळ बसवता येईल तेवढा. वायर फ्यूजच्या मापाची हवी, नेहमीच्या करंटच्या मापाची नव्हे. केबिनच्या लिथियम बॅटरीच्या मुख्य फ्यूजला गाडीचा पातीवाला फ्यूज चालत नाही, कारण शॉर्ट झाल्यावर लिथियम हजारो अँपिअर फेकते आणि तो फ्यूज वितळूनही आतली ठिणगी चालू राहते. तिथे क्लास टी प्रकारचा फ्यूज लागतो. महाग आहे, पण तोच लावा.

निगेटिव्हकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. पॉझिटिव्ह १६ ची आणि निगेटिव्ह इंजिनच्या कुठल्या तरी बोल्टवर, रंगावरच कसलेली, अशी सर्रास असते. हिशोबातली अर्धी तूट तिथेच पडते. इंजिनच्या ब्लॉकवरचा रंग खरवडा, नट-वॉशर बदला, नाहीतर निगेटिव्ह थेट बॅटरीवर आणा. आयसोलेटेड (इनपुट आणि आउटपुट आतून एकमेकांपासून तोडलेली) घ्यावी की नॉन-आयसोलेटेड, असा प्रश्न दुकानात विचारला जातो. फायबर किंवा लाकडी बोटीवर दोन्ही बॅटऱ्यांचं निगेटिव्ह एकच असेल तर नॉन-आयसोलेटेड पुरते. आयसोलेटेडने नुकसान काही नाही, फक्त दोन्ही बाजूंना निगेटिव्ह वायर स्वतंत्रपणे न्यावी लागते. लोखंडी किंवा ॲल्युमिनियमच्या बोटीवर आयसोलेटेडच घ्या.

इंजिन ओळखण्याचा लपंडाव कायमचा संपवायचा असेल तर पेटीशी ब्लूटूथने जोडणाऱ्या कंपनीच्या मोबाइल ॲपमधून ती सोय बंद करा आणि चावी फिरवल्यावर जिच्यात १२ व्होल्ट येतात ती बारीक तार पेटीच्या रिमोट कनेक्टरमधल्या 'एच' खुणेच्या टर्मिनलला जोडा. कनेक्टरमध्ये कारखान्यातून येणारी छोटी तार आधी काढायला विसरू नका, नाहीतर पेटी चोवीस तास चालू राहील आणि सकाळी इंजिनची बॅटरी बसलेली सापडेल. तार चावीऐवजी ऑइल प्रेशर स्विचच्या मागे रिले टाकून घेतली तर आणखी चांगलं, कारण चावी चालू ठेवून रेडिओ ऐकणारे खलाशी सगळीकडे असतात. बसल्या बॅटरीचं दुसरं एक कारण : जेटीवर असताना इंजिनच्या बॅटरीला साधा एसी चार्जर लावला की तिचं व्होल्टेज १३.८ होतं, ओरायनला वाटतं इंजिन चालू आहे, आणि पाच अँपिअरच्या त्या बिचाऱ्या चार्जरकडून ती तीस मागू लागते.

दुसरा मोठा मुद्दा उष्णतेचा, आणि इथे पेटीच कमी पडते. ८७ टक्के कार्यक्षमता म्हणजे पूर्ण भारावर सुमारे ६४ वॅट उष्णता. आत पंखा नाही, पाठीवरच्या पट्ट्यांवरून हवा खेळेल तेवढाच थंडावा. ३० अँपिअर हा आकडा ४० अंशांपर्यंतचा. त्यापुढे दर अंशाला ३ टक्के कमी, आणि ५५ अंश ही मर्यादा. एप्रिलमध्ये विजयदुर्गच्या किंवा जयगडच्या खाडीत वारा पडलेला असताना बंद इंजिनरूम सहज ५० ला पोचते. तिथे ही पेटी २१ अँपिअरचीच राहते. केबल वाचते म्हणून ती इंजिनला चिकटून बसवणं म्हणजे पैसे देऊन घेतलेले नऊ अँपिअर रोज सोडून देणं. इंजिनरूमच्या भिंतीच्या पलीकडे, केबिनच्या बाजूला, उभी, वायरी खाली येतील अशी, चारी बाजूंना किमान १० सेंटिमीटर मोकळं ठेवून बसवा. हात लावल्यावर चटका बसेल इतकी ती गरम होते आणि ते नेहमीचंच आहे. फक्त वायरीचं इन्सुलेशन टर्मिनलपाशी तपकिरी झालं असेल तर स्क्रू सैल आहे असं समजा. थरथराटाने ते सैल होतातच, मोसमाच्या सुरुवातीला आणि मध्ये एकदा कसून घ्यावेत.

पाण्यापासूनचं संरक्षण आयपी४३, म्हणजे वरून पडणारे तुषार चालतील, लाट चालणार नाही, आणि वायरी जोडायची जागा त्याहून उघडी. कॉकपिटच्या पेटीत बसवू नका. बिल्जच्या (बोटीच्या तळाशी पाणी साचतं त्या जागेच्या) वर बसवली तर ओहोटीला बोट कलल्यावर पाणी कुठपर्यंत चढतं ते आधी पाहा.

आता न आवडलेलं. या पेटीला करंट दाखवता येत नाही. ॲपमध्ये इनपुट आणि आउटपुटचे व्होल्ट दिसतात, चार्जिंगचा टप्पा दिसतो, बंद असेल तर बंद असण्याचं कारणही दिसतं, पण किती अँपिअर जाताहेत ते नाही. या किमतीच्या वस्तूत ही कंजुषी खटकते. त्यामुळे शंट (करंट मोजायची पट्टी) असलेला बॅटरी मॉनिटर वेगळा घ्यावाच लागतो, किंवा डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर. बाजारातले बरेच स्वस्त क्लॅम्प मीटर फक्त एसी मोजतात, घेताना खात्री करा. करंट कमी करून ठेवायचीही सोय नाही. ४५-५० अँपिअरचा अल्टरनेटर गरम झाल्यावर जेमतेम निम्मा देतो. त्याच्याकडून ३५ मागणं हा अन्याय आहे. अशा इंजिनाला याच मालिकेतला १८ अँपिअरचा घ्या. आणि बॅटरीवर चिकटवायच्या तापमानाच्या सेन्सरला पेटीत जागाच नाही. लिथियमला त्याची फारशी गरज नसते, पण गरम केबिनमधल्या लेड-ॲसिडला आहे. तिथे ॲबसॉर्प्शन (बॅटरी भरत आणतानाचं व्होल्टेज) १४.४ वरून १४.१ वर हातानेच आणून ठेवावं, नाहीतर पाणी भराभर आटतं.

लिथियमसाठी ॲबसॉर्प्शन १४.२ आणि फ्लोट (भरल्यावर टिकवून ठेवायचं व्होल्टेज) १३.५ पुरेसं आहे. १४.६ पर्यंत ताणायची गरज नाही, चार टक्के जास्त भरण्याच्या हव्यासात एखादा सेल आधी वर जातो आणि बीएमएस संपर्क तोडतो. आणखी एक, ब्लूटूथचा पिन पहिल्याच दिवशी बदला. शेजारच्या बोटीवर बसून कुणीही तुमची सेटिंग बदलू शकेल अशी ती वस्तू आहे.

कोकणातल्या वाऱ्याशी मात्र हिचं चांगलं जमतं. ऑक्टोबर ते मे या मोसमात पहाटे जमिनीकडून येणारा मतलई वारा, तो उतरला की सकाळी शांतता, आणि दुपारनंतर वायव्येचा खारा वारा. म्हणजे सकाळी दोन-तीन तास इंजिनवर जाणं आलंच. १२ व्होल्टचा फ्रिज दिवसाला ४५ एएच, पंखे १५, जीपीएस आणि वायरलेस १२, दिवे १०, मोबाइल वगैरे ८. बेरीज ९० एएच. तीस अँपिअरने तीन तास. दुपारी शीड चढवलं की बॅटरी भरलेली. वर २०० वॅटचं सोलर पॅनेल आणि एमपीपीटी (सोलरचा चार्ज कंट्रोलर) असेल तर नांगरावर आणखी दिवस काढता येतात. मुक्कामाला इंजिन न लावता चार दिवस राहायचंय, अशांनी आधी सोलरवर खर्च करावा, ओरायनवर नंतर.

चार्जिंग होत नसेल तर शोधाचा क्रम असा ठेवा. मल्टिमीटर घ्या आणि अल्टरनेटरपासून पुढे सरकत जा, बॅटरीपासून मागे नको. इंजिन १५०० फेऱ्यांवर, ओरायन चालू. अल्टरनेटरचा जाड पॉझिटिव्ह बोल्ट आणि त्याचंच धातूचं अंग यांच्यात १३.८ ते १४.४ यायला हवेत. १२.६ च दिसले तर पट्टा पाहा. पुलीभोवती काळी भुकटी म्हणजे पट्टा घसरतोय. पट्टा ठीक असेल तर चावीजवळचा लाल चार्जिंग दिवा. बऱ्याच अल्टरनेटरना जागं होण्यासाठी लागणारा करंट त्या दिव्यातूनच जातो, आणि दिवा उडाला की अल्टरनेटर झोपलेलाच राहतो, किंवा इंजिन एकदा जोरात रेस केल्यावर उठतो. दहा-वीस रुपयांच्या दिव्यापायी अल्टरनेटर रिवाइंडिंगला पाठवण्याआधी हे बघा. मीटर एसी व्होल्टवर ठेवून बॅटरीवर ०.५ पेक्षा जास्त दिसलं तर डायोड गेलाय.

मग बॅटरीचे खांब, मग ओरायनचं इनपुट, मग आउटपुट, मग केबिनच्या बॅटरीचे खांब. प्रत्येक टप्प्यावर लाल-काळा दोन्ही बाजूंनी मोजा आणि आकडे लिहून ठेवा. थिंबलवर टोक न टेकवता बॅटरीच्या शिशाच्या खांबावर टेकवा, कारण बिघाड पुष्कळदा या दोघांच्या मधल्या पांढऱ्या थरात असतो. ओरायनचं इनपुट-आउटपुट सोडून बाकी कुठल्याही दोन टप्प्यांत ०.३ व्होल्टपेक्षा बराच जास्त फरक पडला की तिथेच थांबा, बिघाड सापडला. हे सगळं करंट वाहत असतानाच मोजायचं. करंट नसेल तर गंजलेली वायरही १३.९ दाखवते. आउटपुटला १४.२ आणि केबिनच्या बॅटरीवरही १४.२, तरी करंट शून्य, असं असेल तर एक तर बॅटरी भरलेली आहे किंवा बीएमएसने संपर्क तोडलेला आहे. चार्जर काढून बॅटरीवर मोजा. १३.३ आलं तर भरलेली, काहीच आलं नाही किंवा दोन-चार व्होल्ट भटकताना दिसले तर बीएमएस.

मच्छीमार ट्रॉलरवाल्यांसाठी थोडं. तिथे इंजिन २४ व्होल्टचं असतं आणि फिशफाइंडर, वायरलेस, दिवे यांसाठी दोनपैकी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढलेले असतात. खालची बॅटरी रोज उपाशी, वरची रोज ओव्हरचार्ज, आणि वर्षा-दीड वर्षात दोन्ही भंगारात. तिथे २४/१२-३० हे मॉडेल घेऊन १२ व्होल्टची वेगळी बॅटरी करावी. तांडेलाला (बोटीच्या प्रमुखाला) समजावणं अवघड जातं, पण बॅटऱ्यांचा खर्च वहीत मांडून दाखवला की पटतं.

फिनिक्सबद्दल लिहायला कमी आहे, कारण तक्रारी कमी आहेत. ८०० हा आकडा व्हीएचा (व्होल्ट-अँपिअरचा) आहे, वॅटचा नाही. प्रत्यक्षात २५ अंशांना ६५० वॅट, ४० अंशांना ५६० वॅट, आणि क्षणभरासाठी १५०० वॅट. कोकणातल्या केबिनसाठी ५६० च धरा. ५०० वॅटचा मिक्सर चालतो, लॅपटॉप, पंखा, बॅटऱ्यांचे चार्जर चालतात. इंडक्शन शेगडी आणि दीड हजार वॅटची किटली चालणार नाही. चहा गॅसवरच. शुद्ध साइन वेव्ह असल्याने पंखा घुरघुरत नाही आणि मिक्सर तापत नाही, जे स्क्वेअर वेव्हच्या घरगुती इन्व्हर्टरवर होतं. घरचा इन्व्हर्टर आणि १५० एएचची ट्यूब्युलर बॅटरी उचलून बोटीवर ठेवायचा मोह होतो, स्वस्तही पडतं. खाडीतल्या हाउसबोटीला ते चालून जातं. शिडाच्या बोटीवर नको. पन्नास किलोवरची ती बॅटरी बोट वीस अंश कलली की झाकणातून ॲसिड सोडते, आणि इन्व्हर्टरचा पंखा खारी हवा थेट सर्किटवर ओढतो.

फिनिक्सची नेहमीची तक्रार 'लो बॅटरी' च्या आवाजाची. मिक्सर लावला की इन्व्हर्टर ओरडतो आणि बंद पडतो, बॅटरी तर भरलेली. भार चालू ठेवून बॅटरीवर मोजा आणि इन्व्हर्टरच्या डीसी टर्मिनलवर मोजा. पाचशे वॅटला ४५ अँपिअरच्या आसपास जातात, मिक्सर सुरू होताना त्याच्या दुपटीहून जास्त. बॅटरीवर १२.९ आणि इन्व्हर्टरवर ११.५ असेल तर बॅटरी बदलून काही होणार नाही. २५ स्क्वेअर एमएमची केबल दीड मीटरच्या आत ठेवा. लांबवायचीच झाली तर २३० व्होल्टची बाजू लांबवा. फ्यूजहोल्डर बोटाने चाचपून पाहा, गरम असेल तर तूट तिथेच आहे. बंद पडण्याची मूळ सेटिंग ९.३ व्होल्टची आहे आणि ती लिथियमला फार खाली पडते, बीएमएसच आधी संपर्क तोडतो. ॲपमधून ती ११.८ ते १२ करा. या मॉडेलला ब्लूटूथ आतून येत नाही, व्हीई-डायरेक्टचा (कंपनीच्या स्वतःच्या जोडणीचा) डोंगल वेगळा घ्यावा लागतो. अर्धा गुण त्यासाठी कापला आहे.

शॉक लागण्याबद्दल. इन्व्हर्टरचं आउटपुट अधांतरी (अर्थला न जोडलेलं) असताना आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) लावून उपयोग नाही, गळती झाली तरी तो पडत नाही. इन्व्हर्टरपाशी न्यूट्रल आणि अर्थ जोडलेले हवेत आणि त्यानंतर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. जेटीवरची वीज आणि इन्व्हर्टर एकाच प्लगवर आणायचे असतील तर फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा चेंजओव्हर स्विच लागतोच. दोन्ही एकदम भिडले तर इन्व्हर्टर त्याच क्षणी जातो. आणि जेटीवरची वीज म्हणजे पुष्कळदा कुणाच्या तरी टपरीतून ओढलेली तीस मीटरची बारीक वायर. अर्थ असतोच असं नाही, संध्याकाळी १८० व्होल्टच्या खालीही जाते. तिथे घरगुती इन्व्हर्टर यूपीएस मोडवर ठेवला तर तो ती वीज घेतच नाही आणि चार्जर बिघडला असं वाटतं. मागचं बटण साध्या मोडवर करा, चार्जिंग सुरू होईल.

पावसाळ्यात बोट वर काढून झापांनी शाकारली की विजेकडे कुणी बघत नाही. फिनिक्स नुसता चालू ठेवला तरी साडेसहा वॅटच्या आसपास खातो, म्हणजे दिवसाला १२ एएच, आणि १०० एएचची बॅटरी आठवड्यात संपते. १ जून ते ३१ जुलैची मासेमारीबंदी दोन महिन्यांची, आणि शिडाच्या बोटी त्याहून जास्त काळ उभ्या असतात. इको मोडवर विसंबू नका, डीसी बाजूचा मुख्य स्विचच तोडा. लिथियम ५०-६० टक्क्यांवर ठेवून निगेटिव्ह काढा. लेड-ॲसिड मात्र पूर्ण भरून ठेवायची आणि महिन्यातून एकदा भरायची, नाहीतर प्लेटांवर सल्फेट धरतं आणि सप्टेंबरात ती १२.७ दाखवून स्टार्टर मारताच ८ वर येते. जमलं तर ती घरी नेऊन ठेवा. टर्मिनलवर पेट्रोलियम जेली लावा, पण बोल्ट कसल्यानंतर. आधी लावली तर तीच मध्ये अडते.

ओरायनच्याच घरातली नवी ओरायन एक्सएस १२/१२-५० आता मिळते आणि वर सांगितलेल्या बहुतेक तक्रारींना तिच्यात उत्तर आहे : ५० अँपिअर, ९८.५ टक्के कार्यक्षमता, आयपी६५, करंट दिसतो आणि कमी करून ठेवता येतो. ती फक्त नॉन-आयसोलेटेड आहे, म्हणून लोखंडी बोटवाल्यांना जुनीच घ्यावी लागेल. आज नव्याने वायरिंग करणाऱ्या फायबरवाल्याने एक्सएसच घ्यावी आणि ॲपमधून ती अल्टरनेटरच्या ऐपतीप्रमाणे २५-३० वर बांधावी. टीआर स्मार्ट आधीच बसवलेली असेल तर बदलायची घाई नको, जागा आणि वायर सुधारा. दोन्हींना कंपनीची वॉरंटी पाच वर्षांची आहे. अधिकृत विक्रेत्याकडून, सीरियल नंबर लिहिलेल्या जीएसटी बिलावर घ्या, आणि त्याच खेपेला ६० अँपिअरचे दोन जादा फ्यूज, अल्टरनेटरचा एक पट्टा आणि चार्जिंग दिव्याचा एक बल्ब बोटीवर ठेवा. बंदरापासून दूर, एखाद्या खाडीच्या तोंडाशी यातलं काही मिळत नाही.